मुनीम बदलण्यापूर्वी माळा पाहावा



गेल्या ऑगस्टच्या २७ तारखेची रात्र. पर्युषण तोंडावर आलेले. दिंडोशीतील आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारा माझा पुतण्या घरच्या संगणकासमोर डोके धरून बसला होता. त्याचा स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार. दिवसभर दुकान आणि रात्री घरी बिले, टॅली व विवरणपत्रे, असा त्याचा क्रम. त्या रात्री जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरण्याची अखेरची मुदत होती. टॅली उघडण्यात काही मिनिटे गेली, पोर्टलचे पान उघडण्यात आणखी काही, आणि असे करता करता बारा वाजून गेले. एका दिवसाच्या उशिरापायी पन्नास रुपये विलंब शुल्क व थोडे व्याज लागले. रक्कम क्षुल्लक होती. परंतु जीएसटी आल्यापासून आठ वर्षांत ज्याचे एकही विवरणपत्र चुकले नव्हते, त्याच्या मनाला ती लागली. सकाळी खाली येऊन तो म्हणाला, "काका, आता प्रोसेसरच बदलून टाकतो. आय-फाइव्हच्या जागी आय-सेव्हन."

माझी उमेद बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली. एक प्रस्ताव मला अजून आठवतो. एका कारखानदाराने नव्या यंत्रासाठी मुदत कर्ज मागितले होते. वह्या पाहिल्या तेव्हा कळले की, त्याचे जुने यंत्रच दिवसाचे निम्मे तास बंद असते. पैसा उधारीत अडकलेला, त्यामुळे कच्चा माल आणायला खेळते भांडवल नाही. नवे यंत्र आले असते, तर तेही तसेच बसून राहिले असते आणि वर हप्ता सुरू झाला असता. मी पुतण्याला म्हणालो, "बदल जरूर, पण काम अडते कुठे, ते आधी पाहू."

ते पाहण्यास एक पैसा लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांपैकी कोणावर किती भार आहे, हे तेथे टक्केवारीत दिसते. टॅली सुरू करून आम्ही त्या आकड्यांवर नजर ठेवली. प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, आठ जीबी रॅम भरत आली होती आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर जाऊन थांबली होती.

आपल्या पेढीच्या भाषेत सांगायचे, तर प्रोसेसर म्हणजे मुनीम, रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातील बैठे मेज आणि हार्ड डिस्क म्हणजे वह्या ठेवलेला माळा. मेज लहान असल्यामुळे दर दुसऱ्या नोंदीला वही आणण्यासाठी नोकराला माळ्यावर धाडावे लागत होते आणि तोवर मुनीम हात बांधून बसलेला. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये ताटली खरोखरच फिरते, मिनिटाला साधारण ७,२०० वेळा, आणि तिच्यावर एक दांडी इकडून तिकडे सरकत माहिती शोधते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग कोणताच नाही, म्हणून हा शोध जवळजवळ तत्काळ होतो. अधिक पगाराचा मुनीम आणून माळ्याची शिडी काही लहान होत नाही.

तरीही त्याच्या समाधानासाठी एके दिवशी आम्ही मालाडहून धीम्या गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. संगणक २०१७ च्या जुलैत, जीएसटीच्या पहिल्याच महिन्यात घेतलेला. आत सातव्या पिढीचा आय-५ ७४००. त्याच मदरबोर्डावर बसणारा आय-७ ७७०० वापरलेल्या मालात सात हजारांना मिळत होता. दोघांचेही कोर चारच. मुख्य फरक असा की आय-७ एका वेळी आठ धागे हाताळतो, आय-५ चार. पुढची आठवी पिढी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाजारात आली. तिचा सॉकेटही ११५१ बिंदूंचाच, दिसायला सारखा. परंतु अंतर्गत जोडणी बदललेली असल्याने जुन्या मदरबोर्डावर ती चालत नाही. केवळ तीन महिन्यांच्या अंतराने पुढची वाट बंद झाली होती. एएमडी कंपनीच्या एएम-४ सॉकेटची गोष्ट वेगळी आहे. २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२० मधील प्रोसेसर बसतो. म्हणून मदरबोर्डाचे नाव व क्रमांक लिहून घेतल्याशिवाय कोणी बाजारात पाऊल टाकू नये.

आम्ही ५०० जीबीची एसएसडी आणि आठ जीबीची आणखी एक रॅम घेतली. दोन्ही मिळून खर्च सात हजारांच्या आतच राहिला. आधी सारा हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला, मगच संगणक उघडला. सप्टेंबरचे विवरणपत्र १८ तारखेलाच गेले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मी हा स्तंभ त्यावर खर्च केला नसता. दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी सुधारणा आपोआप येणार नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सातव्या पिढीचा आय-७ ७७०० त्या यादीत नाही. म्हणजे सात हजार घातले असते, तरी नव्या कुलपाची किल्ली हाती आली नसती. वेग आणि सुरक्षितता ही दोन निरनिराळी खाती आहेत. एकात जमा केलेली रक्कम दुसऱ्यात दिसत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, पंचेचाळीस हजारांचे यंत्र टाकवत नाही हो." मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला, तर ३१ मार्च २०२५ रोजी वहीत त्याचे ७५६ रुपये उरतात. अर्थात निर्णय या आकड्यानेही होत नाही. वहीत शून्य झालेला तराजू वर्षानुवर्षे अचूक तोलतो. जो पैसा गेला, तो नव्या खर्चाचे कारण होऊ शकत नाही. आज घातलेला रुपया उद्या काय देईल, एवढेच पाहायचे.

शेवटी आम्ही असे ठरवले. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सुधारणांची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जी मुदतवाढ देऊ केली आहे, तिच्यात नाव नोंदवले. तोवर संगणक आहे तसा चालवायचा. पुढच्या वहीपूजनाआधी विंडोज ११ चालणारे नवे यंत्र घ्यायचे, आणि त्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम आतापासून बाजूला टाकायची. जुन्यावर तेव्हा केवळ मागील वर्षांच्या वह्या राहतील, इंटरनेटची जोडणी काढून. एसएसडी मात्र वाया जाणार नाही. बाहेरच्या डब्यात घालून ती नव्या यंत्राची राखीव प्रत सांभाळील.

ज्यांच्या घरी चित्रफितींचे संपादन किंवा आराखड्यांचे काम चालते, ज्यांचा प्रोसेसर तासन्‌तास शंभर टक्क्यांवर असतो आणि ज्यांचा मदरबोर्ड पुढची पिढी स्वीकारतो, त्यांनी प्रोसेसर अवश्य बदलावा. इतरांनी आज रात्री त्या तीन कळा दाबून पाहाव्यात. माझ्या पुतण्याच्या घरी मुनीम निर्दोष निघाला. आपल्याकडे कोण अडले आहे, हे कळेपर्यंत पाकीट खिशातच असू द्यावे.