बाबा ट्रान्सपोर्टमध्ये आहेत

पहिल्या इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं, ‘फादर काय करतात?’ मी ऐटीत म्हटलं, ‘ट्रान्सपोर्टमध्ये आहेत.’ खोटं काहीच नव्हतं, बॉस! बाबा एसटीत कंडक्टर होते. फक्त त्यांचा खाकी शर्ट आणि तिकिटांची पेटी मी दाराबाहेर ठेवून आत गेलो होतो.

परवा रविवारी सोफ्यावर लोळत मायकेल केनच्या जुन्या मुलाखती बघत होतो, तेव्हा हे आठवलं. केन म्हणजे नोलनच्या बॅटमॅनचा आल्फ्रेड, आपला लाडका बटलर. गंमत म्हणजे या माणसाची आई खरोखरच दुसऱ्यांकडे साफसफाई आणि स्वयंपाक करायची. वडील लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारात हमाल. आणि भाषा कॉकनी, म्हणजे तोंड उघडलं की वस्ती कळणार. आपल्याकडे ‘पाणी’चं ‘पानी’ झालं की काही भुवया वर जातात ना, अगदी तसंच.

१९६४च्या ‘झुलू’साठी तो कॉकनी शिपायाचा रोल मागायला गेला. तो आधीच दुसऱ्याला दिलेला. पण डायरेक्टर साय एन्डफील्डनं त्याला चक्क खानदानी लेफ्टनंट केलं! केन प्रामाणिकपणे सांगतो, की डायरेक्टर अमेरिकन होता म्हणून हे जमलं; इंग्लिश असता तर कॉकनी पोराला ऑफिसर केलंच नसतं. टॅलेंट होतंच हो, पण ऐकणारे कानही परके लागले. आपल्या सक्सेस स्टोरीत हा भाग आपण किती सफाईनं गाळतो!

प्रसिद्धीबद्दलही त्याची भानगड नाही. १९८७मध्ये ‘हॅना अँड हर सिस्टर्स’साठी ऑस्कर मिळालं, तेव्हा साहेब समारंभाला हजरच नव्हते, ‘जॉज : द रिव्हेंज’चं शूटिंग चालू होतं. तो पिक्चर बंडल निघाला. केन म्हणतो, पिक्चर मी पाहिलेला नाही, पण त्याच्या पैशातून झालेलं घर पाहिलंय, ते फर्स्टक्लास आहे. गरिबी पाहिलेला माणूसच कामाबद्दल असं बिनधास्त बोलू शकतो.

मला भिडलं ते वेगळंच. लेफ्टनंटसाठी त्यानं वरच्या वर्गाची बोली शिकली, कॅमेऱ्यासमोर वापरली आणि काम संपल्यावर काढून ठेवली. स्वतःची बोली मुद्दाम जपली, का तर कामगारवस्तीतल्या पोरांना कळावं, आपल्यालाही हे जमतं. २०००मध्ये ‘सर’ झाला तोही वडिलांचं नाव घेऊन, सर मॉरिस मिकलव्हाइट. पुढे २०१६मध्ये कागदोपत्री ‘मायकेल केन’ केलं, तेही एअरपोर्टवरच्या तपासणीला वैतागून! २०२३मध्ये, नव्वदीत त्यानं रिटायरमेंट जाहीर केली.

म्हणजे क्लायंटसमोरचं इंग्रजी घासूनपुसून घेण्यात लाज कसली? ते कामाचं हत्यार. लाज वाटायला हवी ती त्या पेटीची, म्हणजे ती बाहेर ठेवल्याची.

गेल्या महिन्यात टीममधल्या नव्या पोरानं लंचला विचारलं, ‘सर, तुमचे फादर काय करायचे?’ डबा उघडता उघडता म्हटलं, ‘एसटीत कंडक्टर. तीस वर्षं.’

तो क्षणभर गप्प. मग हळूच म्हणाला, ‘माझे रिक्षा चालवतात. मी इथे ऑटोमोबाइल सांगितलंय.’

दोघं इतके हसलो, की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं.