शेअरचं बटण हवंच, पण व्हॉट्सॲपचं

सरकारी मदतीच्या पानांवर शेअरचं बटण नको म्हणणाऱ्यांच्या हाती एक भक्कम आकडा आहे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने 2014 साली आपल्या फेसबुक-ट्विटर बटणांचा हिशेब मांडला. पानं हजार वेळा उघडली, तेव्हा बटण दाबलं गेलं जेमतेम दोनदा. आकडा खरा आहे, पण उमरीसारख्या ग्रामीण तालुक्याला तो लागू पडत नाही. अनुदान अडल्याची गोष्ट कोणी फेसबुकवर चारचौघांत मांडत नाही. ती भावाला, मेव्हण्याला, गावच्या ग्रुपवर सांगतात, आणि ते सगळं व्हॉट्सॲपवर चालतं.

मग लोक पाठवतातच की, बटण कशाला? पाठवतात, पण स्क्रीनशॉट! उमरी तालुक्यातल्या सोयाबीनवाल्याचंच घ्या. 2023 पासून पीकविमा एक रुपयात मिळे, आणि पाण्याने रान गेलं तर 72 तासांत कळवावं लागे. 2025 च्या खरिपात दोन्ही गेलं. हप्ता विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत गेला आणि भरपाई पीककापणी प्रयोगावरच ठरू लागली. 2023 चा स्क्रीनशॉट मात्र होता तसाच फिरू शकतो. त्यावर बहुधा ना तारीख असते, ना मूळ पत्ता. त्याच्या भरवशावर एखादा पैशांची सोय न करता शेवटच्या दिवशी सेवा केंद्रात गेला आणि मुदत हुकली, तर त्याला अडाणी म्हणणं हा अन्याय आहे. त्याच्यापर्यंत लिंक पोचली असती, तर उघडल्यावर आजचा नियम दिसला असता.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. फेसबुकचं तयार लाइक बटण न दाबताही पान उघडणाऱ्याची माहिती कंपनीकडे धाडत असे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने 2019 साली त्याची जबाबदारी बटण लावणाऱ्या संकेतस्थळावरही टाकली. कर्जमाफीचं पान कोणी वाचलं, हे कुठल्याही कंपनीला कळता कामा नये. म्हणून तयार बटण नकोच. दाबेपर्यंत कोणालाही काहीही न कळवणारी, व्हॉट्सॲप उघडून देणारी साधी लिंक पुरते. तिच्यासोबत पानाचं नाव, शेवटच्या बदलाची तारीख आणि सरकारी पत्ता आपोआप जावा.

पण पान लॉगिनच्या आड असेल, तर पाठवलेली लिंक समोरच्याला उघडणारच नाही. दरवर्षी पत्ता बदलला, तर जुनी लिंकही स्क्रीनशॉटइतकीच घातक. कृषी विभागाने नियमांची पानं लॉगिनबाहेर, एकाच कायम पत्त्यावर आणावीत आणि व्हॉट्सॲपच्या साध्या लिंकचं हे बटण पुढच्या खरिपाची विमा नोंदणी सुरू होण्याआधी लावावं.