मूत्रपिंडाला रोजा नसतो

सहेरीचा शेवटचा घोट घेऊन रोजेदार नियत करतो. त्यानंतर इफ्तारपर्यंत घशाखाली थेंब उतरत नाही. पोटाला विश्रांती मिळते, मूत्रपिंडांना मात्र ती नसते. रक्तातला कचरा काढण्याचे त्यांचे काम रोज्यातही चालूच राहते आणि पाणी कमी असल्याने ते अधिक काटकसरीने करावे लागते. रमजानच्या दिवसांत या दोन मुठीएवढ्या अवयवांची आठवण करायची ती यासाठीच.

शरीर चालले की कचरा होतोच. प्रथिने वापरली गेली की विषारी अमोनिया तयार होतो आणि यकृत त्याचा युरिया बनवते. स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन येते. हे सारे रक्तात मिसळते आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाच्या सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ईद असो की दिवाळी, सणाआधी घरातले सामान बाहेर काढतात, हवे ते पुन्हा आत घेतात आणि उरलेले टाकून देतात. नेफ्रॉन तेच करतात. २४ तासांत सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो. त्यात युरियाबरोबर साखर, क्षार आणि पाणीही असते. त्यातले ९९ टक्के पाणी आणि उपयोगाचे घटक परत रक्तात घेतले जातात. उरलेले लिटर-दीड लिटर म्हणजे लघवी. ती मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात साठते आणि पुढे मूत्रमार्गाने बाहेर पडते.

रोज्यात शरीरातले पाणी कमी होऊ लागले की मेंदूकडून एक संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडे आणखी पाणी राखून ठेवतात. म्हणून दुपारनंतर लघवी कमी आणि गडद पिवळी होते. निरोगी मूत्रपिंड लघवीला रक्ताच्या चौपट दाट करू शकते. पण या काटकसरीला मर्यादा आहे. दिवसभराचा कचरा वाहून न्यायला किमान अर्धा लिटर पाणी तरी लागतेच. धडधाकट माणूस इफ्तारनंतर पाणी पिऊन ही तूट भरून काढतो. आजारी मूत्रपिंडाची मात्र पाणी राखण्याची ताकदच कमी झालेली असते. बाहेरून पाणी येत नसले तरी ते आतले पाणी गमावत राहते आणि मग रक्तदाब घसरण्याची, उरलेसुरले काम मंदावण्याची भीती असते.

खरी अडचण अशी की मूत्रपिंड लवकर तक्रार करत नाही. निम्मी क्षमता गेली तरी माणूस चालता-फिरता असतो आणि रक्तातले क्रिएटिनिनही अनेकदा फारसे वाढलेले दिसत नाही. पायावर सूज येते, भूक मंदावते, तोवर बराच उशीर झालेला असतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन मोठी कारणे. त्यात अंग दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडते. शरीर कोरडे असताना या गोळ्या मूत्रपिंडाला अधिक जाचतात.

मूत्रपिंड पूर्ण निकामी झाले की डायलिसिस येते. नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून रुग्णाचे रक्त शुद्ध करण्याचा प्रयोग केला. त्या वाटेने पुढे आलेल्या यंत्रांनी असंख्य जीव वाचवले. तरीही यंत्रावर बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास पडून राहावे लागते आणि निरोगी मूत्रपिंडाचे सारे काम त्याने होत नाही.

म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी रमजानआधीच डॉक्टरांना भेटावे, रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्यावीत, गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रमजान सुरू झाला असला तरी उशीर झालेला नाही. हीच गोष्ट हरतालिकेचा किंवा एकादशीचा निर्जळी उपवास करणाऱ्या शेजारणीलाही लागू आहे.

डॉक्टर रोजा नको म्हणाले, तर ते ऐकण्यात श्रद्धेला कमीपणा नाही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १८४ व १८५) रोज्यांचा हुकूम आहे आणि तिथेच आजारी माणसाला व प्रवाशाला सवलतही आहे. बरे झाल्यावर रोजे पुढे भरून काढावेत. बरे होण्याची आशाच नसेल, तर फिदिया म्हणून गरजूला जेवू घालावे. तरीही कितीतरी वडीलधारे लोक काय म्हणतील या धाकाने आजार लपवतात, गोळ्या चुकवतात आणि ईदच्या सुमारास दवाखान्यात दाखल होतात.

हा धाक घरच्यांनीच दूर करायचा आहे. अम्मीने किंवा अब्बांनी आजारपणामुळे रोजा सोडला, तर त्यांना त्याचे कारण कुणी विचारू नये. दुपारी त्यांची गोळी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाणी वेळेवर त्यांच्यापुढे ठेवावे. घरातल्या रोजेदार मुला-सुनांसाठी हीसुद्धा रमजानमधली खिदमतच आहे.