एका चुकीस केवढी शिक्षा?

वर्तकनगरच्या वसाहतींतून वागळे इस्टेटीकडे कामावर निघणाऱ्या माणसास एक भय नित्य असतें: हातून लहानशी चूक झाली, तर 'उद्यांपासून येऊं नको' एवढ्या तीन शब्दांनीं संसार उघड्यावर पडेल काय?

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मालकास कारण न देतां नोकर काढतां येतो. माँटाना राज्यानें मात्र 1987 सालीं या मुभेस आळा घातला. आमच्याकडे कामगारांच्या बाबतींत कायद्यानें ही रीत मान्य केलेली नाहीं. महाराष्ट्राच्या 1971 सालच्या कायद्यानें, क्षुल्लक वा तांत्रिक गैरवर्तनासाठीं, अपराधाचें स्वरूप व मागील नोकरी न पाहतां, धक्का बसावा इतक्या जबर शिक्षेनें कामगारास काढणें ही अनुचित प्रथा ठरविली. 1998 सालीं कलर-केम कंपनीच्या खटल्यांत, रात्रपाळींत यंत्र चालू ठेवून झोपलेल्यांची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानें अशीच बेसुमार शिक्षा मानली. उलट 2005 सालीं भारत फोर्जच्या खटल्यांत, पूर्वीं तीन वेळां गैरवर्तनाबद्दल सौम्य शिक्षा होऊनहि कामावर झोपलेल्या कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयानें कायम केली. चूक पोटांत घालावी असें कोणी म्हणत नाहीं. ती तोलून पाहावी, एवढेंच न्यायाचें मागणें आहे.

परंतु हा न्याय पोंचतो किती जणांपर्यंत? 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें स्थायी आदेशांचें बंधन 300 वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरतें ठेविलें; पूर्वीं केंद्रीय कायद्यांत हा आंकडा 100 होता. दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक तर 'कामगार' या व्याख्येंतच बसत नाहीं. लहान कारखान्यांतील मनुष्यास दाद मागण्याचा हक्क आहे खरा. पण रिकाम्या खिशानें वर्षानुवर्षें खटला कोण चालविणार?

म्हणून आमच्या व्यापारी व कारखानदार बंधूंस आमची विनंति आहे कीं, कायद्याची वाट पाहूं नका. आरोप लेखी द्या, नोकराचें म्हणणें ऐका, प्रथम ताकीद द्या. शिस्तीवांचून धंदा चालत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. पण शिस्त व लहर या दोन भिन्न गोष्टी होत. नांवें पडलेली एक रक्कम पाहून कोणी शहाणा व्यापारी जुनें खातें बंद करीत नाहीं; तो आधीं सगळी जमा पाहतो. दहा वर्षें राबलेल्या माणसाचें खातें तरी याहून निष्काळजीपणें कां मिटवावें?