आधी समुद्र समजून घ्या, मग ड्रेजर लावा
मंडळी, नदीच्या मुखात वाळू साठली की आपण लगेच म्हणतो, ड्रेजर आणा. पण कोचीचं बघा. तिथेही मुखाशी वाळूचा बांध होता. मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकून थांबायची. १९२० साली इंग्रज इंजिनिअर रॉबर्ट ब्रिस्टो आले. त्यांनी आधी भरती-ओहोटी, वारा, वाळू कशी सरकते ते तपासलं, मगच मार्ग खोदला. १९२८ मध्ये ‘पद्मा’ जहाज आत शिरलं. उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं राहिलं. १९४१ पर्यंत ते त्याच कामावर होते.

आपल्याकडे मात्र उपसलेली वाळू पुढच्या पावसाळ्यात परत मुखात! म्हणून नुसता ड्रेजर मागू नका. आधी वर्षभराचा अभ्यास मागा, आणि त्यात आपल्या तांडेलांना विचारलंच पाहिजे.