वर्दी म्हणजे स्किन नव्हे

‘सायन्स फिक्शन आहे ना भाऊ, मग काहीही चालतं.’ गेममधल्या सैनिकांच्या वर्दीबद्दल तोंड उघडलं की हे उत्तर ठरलेलं. मला ते पटत नाही. एलियन चालतात, प्रकाशवर्षांच्या उड्या चालतात, बोलणारी बंदूकही चालते. पण दबा धरून बसलेल्या कमांडोच्या छातीवर निळा एलईडी पट्टा का लुकलुकतोय, हे मला कुणीतरी सांगावं. तारे जिंकणाऱ्या सैन्याला रात्र म्हणजे काय ते ठाऊक नाही?

मी गोंदिया जिल्ह्यातला. तीन राज्यांच्या सीमेवरच्या आमच्या देवरी-सालेकसा पट्ट्यात वर्दी वाचता येणं ही हौस नव्हती. इकडून सी-60 चे जवान, बालाघाटकडून मध्य प्रदेशची हॉक फोर्स, पूर्वेला छत्तीसगडचे पोलीस, वर केंद्राची दलं. आणि त्याच जंगलात हिरव्या वर्दीतले नक्षली. पहाटे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाला समोर कोण आहे ते लांबूनच ठरवावं लागायचं. कारण एकाशी बोललेलं दुसऱ्याच्या कानावर गेलं तर जिवावर बेतायचं. कापड, बूट, पाठीवरची पिशवी, चालण्याची रांग, माणसं सगळं बघायची. 1949 चा तिसरा जिनिव्हा करार स्वयंसेवक दलांतल्या लढणाऱ्यांना युद्धकैद्याचे हक्क देतो, तेव्हाही दुरून ओळखू येईल अशी कायमची खूण हवी, ही अट घालतो. वर्दी आधी सांगते की हा कुणाचा माणूस आहे. छान दिसणं त्यानंतर.

बॅटल रॉयलवर माझा राग नाही. तिथे सैन्यच नसतं. पुण्याच्या सुपरगेमिंगने 2024 मध्ये आणलेल्या ‘इंडस’मध्ये विरलोक ग्रहावर कॉस्मियमसाठी झगडणारा प्रत्येक जण ज्याचा त्याचा, त्यानं मोरपिसं लावली तरी माझी हरकत नाही. भांडण आहे ते सैन्य, हुद्दे, साम्राज्य, शंभर वर्षांचं युद्ध अशी कथा सांगणाऱ्या आणि मग त्याच पलटणीत एकाला सोनेरी ड्रॅगन अन् दुसऱ्याला गुलाबी सशाचे कान विकणाऱ्या गेमशी. मग शत्रू ओळखायला डोक्यावर लाल नाव तरंगत ठेवावं लागतं. जे काम वर्दीनं करायचं ते मेनूच्या गळ्यात!

खरेपणा म्हणजे आजच्या सैन्याची नक्कल, असंही मी म्हणत नाही. ‘हेलडायव्हर्स 2’ मधले सैनिक चक्क पाठीवर केप घालून लढतात. रणांगणावर केप म्हणजे अडकून मरायचं साधन. पण ते ज्या सुपर अर्थसाठी मरतात, त्या राजवटीला माणसापेक्षा पोस्टर प्रिय आहे. तिथे केप अगदी बसते. ‘किलझोन’मधल्या हेलगास्टचा मुखवटा त्यांच्या ग्रहाच्या विषारी हवेतून आला. त्यावरचे चमकणारे डोळे सैनिकी हिशेबात मूर्खपणाचे, खेळणाऱ्याच्या सोयीचे. तेवढं मी चालवून घेतो, कारण बाकीच्या मुखवट्याला कारण आहे.

चूकसुद्धा खरी असू शकते. अमेरिकी लष्करानं 2004 मध्ये वाळवंट, जंगल, शहर सगळीकडे चालेल असा एकच राखाडी पिक्सेलवाला नमुना जाहीर केला. तो कुठेच धड लपवेना. 2010 मध्ये अफगाणिस्तानातल्या सैनिकांना वेगळा नमुना द्यावा लागला. आता कल्पना करा : बारा ग्रहांवर एकच वर्दी पाठवणारं साम्राज्य, आणि तिला शिव्या घालणारे, तिच्यावर चिखल चोपडणारे शिपाई. एका कपड्यात अख्खं राजकारण आलं. पण आपल्या डिझायनरला बारा ग्रह म्हणजे बारा वॉलपेपर वाटतात. बर्फातही तेच चिलखत, दलदलीतही तेच, आणि दोन्हीकडे त्याला एक ओरखडा नाही.

त्यांना एकदा आमच्याकडे आणावं. मे महिन्यात साग, ऐन पानं गाळून बसलेले असतात, सगळं तपकिरी. जुलैत तेच जंगल हिरवंगार. मेमध्ये लपवणारं कापड जुलैत घात करतं. रोवणीच्या दिवसांत बांधीतून चालताना बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. भारतीय लष्करानं 15 जानेवारी 2022 ला जी नवी लढाऊ वर्दी दाखवली, तिचा शर्ट पँटीत खोचायचा नाही, बाहेर ठेवायचा. कापडही हलकं. दिल्लीच्या निफ्टची मदत घेऊन केलेलं काम, आणि त्यात घामाचा विचार आहे. तुमचा अवकाशसैनिक कधी घामेजतो का? त्याच्या पाण्याची बाटली कुठे असते? लघवीला जायचं तर त्या चिलखताची किती बकलं सोडायची? हसू नका, हे प्रश्न न विचारता काढलेली वर्दी ही गणेशोत्सवाच्या देखाव्यातली वर्दी.

कंपन्या म्हणतील, स्किन विकल्या नाहीत तर फुकट गेम चालवायचे कशावर? विका की! पाच पावसाळे खाल्लेली, कोपरावर ठिगळ लावलेली, बदली झाल्यावर जुन्या पलटणीचं चिन्ह उसवून नवं शिवलेली वर्दी विका. जुन्या चिन्हाच्या जागी कापड थोडं गडद राहिलेलं दिसू दे. आमच्याकडची पोट्टी सोनेरी ड्रॅगनच्या आधी तीच घेतील.