एक दिवस तंजावरसाठी

सुट्टी लागली की अनेक मराठी कुटुंबे रेल्वेने दक्षिणेकडे निघतात. मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी हे ठरलेलेच असते. तंजावर मात्र पुष्कळदा यादीतून गळते. या पर्यटन विशेषांकाच्या निमित्ताने वाचकांना आमचा आग्रह आहे : तिथे एक दिवस उतरा.

सकाळी बृहदीश्वर मंदिर पाहावे. राजराज चोळाने बांधलेले हे ग्रॅनाइटचे देऊळ 1010 मध्ये पूर्ण झाले. याच आवारातल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो मुलांनाच शोधू द्या, मोठ्याने वाचू द्या. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात इथे आले, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मग त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

उन्हात दगडी फरशी तापते आणि दुपारी देऊळ बंद असते. आजी-आजोबांना तेवढी विश्रांती मिळू द्या. त्यानंतर राजवाड्याच्या आवारातले सरस्वती महाल ग्रंथालय बघा. तमिळ, तेलुगू आणि संस्कृत हस्तलिखितांच्या बरोबरीने मराठी पोथ्या आणि मोडी कागदपत्रे तिथे जपलेली आहेत. परक्या मुलखात आपली भाषा इतरांच्या शेजारी सन्मानाने नांदली, याचा हा भक्कम पुरावा आहे.

एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्यापेक्षा एकच गाव नीट पाहिलेले बरे. पुढच्या प्रवासाचे आरक्षण करताना तंजावरचा एक मुक्काम जरूर धरा.